सकवारबाईंचा रेडा

...तर त्या रेड्याच्या डोक्यावर टोपी होती, हे काल सांगायचं राहूनच गेलं. साहेबलोक उन्हात घालत, ती टोपलीएवढी हॅट. अंगात खाकी अर्धी चड्डी, काखेत छत्री, आणि बूड टेकलेलं कुठे, तर कचऱ्याच्या ढिगावर! मद्रासला तिरुवल्लिक्केणीतल्या एका गल्लीच्या तोंडाशी लांबलचक सरकारी भिंत होती. तिच्यावर कोळशाने आणि तांबड्या कावेच्या ढेकळाने कुणीतरी हे चित्र काढून ठेवलं होतं. साल एकोणीसशे सत्तावन्न, ऐन वैशाख. भिंतीखाली खराखुरा ढीगही होता, तीन आठवड्यांचा, केळीची पानं, नारळाच्या शेंड्या आणि एक मेलेली घूस धरून.

रेडा कोण, हे सांगायची गरज नव्हती. वॉर्डाचे सॅनिटरी इन्स्पेक्टर गुरुमूर्तीराव. आपल्यातलेच, तंजावरकडचे मराठी. पण खुर्ची मिळाल्यापासून मराठी फक्त रागावताना बोलायचे.

आता काढणारी कोण, तेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच डोकं शिणवाल. सकवारबाई. वय पन्नाशीच्या पुढे, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, दीर जनकोजीच्या घरी राहणारी. बाविसाव्या वर्षी नवरा गेला. त्याआधी तंजावरात तिच्या दारची रांगोळी बघायला बाया वाट वाकडी करून येत. ठिपक्यांचं कोलम ती एका दमात घाली, बोट न उचलता. पण विधवेने दारात रांगोळी घालायची नाही, असा आपला रिवाज. घालतं कोण? जिला सरळ रेघ ओढता येत नाही अशी जाऊ, राजसबाई. तीस वर्षं ती वाकडी रांगोळी ओलांडून बाई पाण्याला जात होती, आणि नाकाशी रोज माशा घोंगावत होत्या. एके दिवशी चुलीतला विझलेला कोळसा पदरात घेतला आणि गेली. वेळ कुठली, तर दुपारी दोनची. वैशाखात दुपारी दोनला मद्रासमध्ये कावळासुद्धा डोळे मिटून असतो.

लोकांनी काय केलं म्हणता? हसले. खानावळवाला म्हणाला, "अगदी आमचा रेशनवाला!" रेशनवाला म्हणाला, "छे, खानावळवालाच!" सुंडल विकणाऱ्याने गाडी तिथेच लावली, आणि चणे खाऊन झालेली पानं मंडळींनी त्याच ढिगावर टाकली. इतकी अक्कल त्या गल्लीत!

गुरुमूर्तीरावांनी तीन माणसं धाडली. चुन्याची बादली, कुंचे, शिडी. ढिगामुळे शिडी भिंतीला टेकेना, तेव्हा ती माणसं ढिगावर चढली आणि तिथे उभी राहून त्यांनी भिंत पांढरी केली. ढीग तसाच. उलट पायाखाली दाबला गेल्यामुळे कागदोपत्री कमी झाला म्हणून वर कळवलं.

पांढरीशुभ्र भिंत! सकवारबाईंना आणखी काय हवं? आठ दिवसांनी हॅटवाला पालखीत बसून निघाला, भोई चार घुशी. पुन्हा चुना. तिसऱ्या खेपेस मात्र बाईंनी कमाल केली. आठ हातांची देवी काढली, आठही हातांत केरसुण्या, आणि पायाखाली हॅट घातलेला तोच रेडा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हळद, लिंबाची माळ, कापूर! चुनेवाले आले आणि बादल्या ठेवून हात जोडून उभे राहिले. देवीवर चुना फासला आणि घरात पोरांना देवी आल्या तर? खुद्द इन्स्पेक्टर धावून आले, त्यांनी आधी चपला काढल्या आणि मग शिव्या दिल्या.

चित्र पुसता येईना, तेव्हा माणूस धरायचा ठरला. रात्रीचा पहारा बसवला. पहारेकरी रात्रभर जागून दुपारी भिंतीच्याच सावलीत घोरायचा. काही सापडेना, म्हणून मग डोकं चालवलं. गल्लीत कुंचा कुणाच्या हातात असतो? दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या पद्मनाभच्या. झालं! भिंतीवर रंगाचा एक थेंब नव्हता, कुंच्याचा एक फराटा नव्हता, तरी पोलीस त्याला डबे-कुंच्यांसकट घेऊन गेले. सोमवारी कोर्टात उभा करणार होते. त्याची बायको जनकोजीच्या पायरीवर येऊन बसली, कारण जनकोजी गुरुमूर्तीरावांच्या हाताखाली कारकून. "मालक, साहेबांना सांगा, आमच्या यांनी जन्मात कधी देव रंगवला नाही. यांना फक्त अक्षरं येतात."

जनकोजी छताकडे बघत म्हणाला, "साहेबांचा निर्णय विचारपूर्वक असतो."

सकवारबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी लुगडं नीट केलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "भावजी, चला ऑफिसात. ते मी काढलंय."

राजसबाईच्या हातून तांब्या पडला. "अक्का, वेड लागलं काय? यांची नोकरी!"

"नोकरी त्यांची, हात माझा. तो पद्मनाभ काय म्हणून आत बसलाय?"

"वैनी," जनकोजीचा आवाज चिरकला, "हे बाहेर तोंडातून काढलंत, तर या घरात तुमचं पान मांडलं जाणार नाही. मागून सांगितलं नाही म्हणू नका."

बाईंनी पायात चपला घातल्या. तीस वर्षं ज्या घरात जेवल्या, तिथून बाहेर पडायला तेवढाच वेळ लागला. जनकोजी मागून धावला. लाज वाचवायला की नोकरी, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ऑफिसात गुरुमूर्तीराव कॉफी पीत होते. ऐकून इतके हसले की कॉफी बशीत सांडली. "अक्का! पुरुषाचं काम आहे ते. आणि तुमच्या हाताला तीस वर्षं रांगोळी शिवली नाही, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. कुणी पाठवलं तुम्हांला? पद्मनाभच्या बायकोने?"

बाई सरळ खोलीबाहेर गेल्या. जिन्याखाली शिपायाची कॉफीची शेगडी होती, तिच्यातला एक गार कोळसा त्यांनी उचलला. साहेबांच्या खोलीची भिंत नुकतीच उजळली होती. गल्लीतला उरलेला चुना तिथेच लागला होता. तिच्यावर त्यांनी भराभरा ठिपके मांडले, सात ओळी. मग हात न उचलता रेघ निघाली. आधी पोट आलं. मग अर्धी चड्डी. मग छत्री. शिपाई दाराशी जमले. हॅटची कड वळली तेव्हा एकजण खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाला. रेड्याच्या डाव्या गालावर बाईंनी एक तीळ दिला, आणि गुरुमूर्तीरावांचा हात आपसूक स्वतःच्या गालावर गेला.

पद्मनाभला सोडायची चिठ्ठी तिथल्या तिथे लिहावी लागली. साहेबाचं रूप एका विधवेने काढलं, हे कोर्टात कोण वाचून दाखवणार! पण अधिकाऱ्याला हरलेलं दिसून चालत नाही. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, दौत उघडली, आवाज जाड केला.

"हे बघा अक्का, बाईमाणूस म्हणून सोडतोय. पुन्हा असं करणार नाही, झाल्या गोष्टीची माफी मागते, एवढं लिहून द्या आणि जा."

जनकोजी कानाशी कुजबुजला, "द्या वैनी, द्या. मग घरी चला, मी काही बोलणार नाही."

बाईंनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला, किती मोठा आहे ते पाहिलं. कोळसा अजून मुठीतच होता. म्हणाल्या,

"लिहायला मला कुणी शिकवलं नाही, गुरुमूर्तीराव. माफी मागणारा रेडा काढून दिला तर चालेल?"