लिलावात गेलेली बकरी

माझ्या आवाजाचं लोकांनी फार कौतुक केलं आणि तेच पंचफुलाला भोवलं. परभणीच्या बसस्थानकावर मी अठ्ठावीस वर्षं कंट्रोलर होतो. सोनपेठची गाडी कोणत्या फलाटावर लागली, हे अख्ख्या स्थानकाला माझ्या तोंडून कळायचं. रिटायर झालो तसं चर्चने मला लिलाव पुकारायला उभं केलं, आणि मीही हुरळून गेलो.

आमच्याकडे चर्चच्या वर्धापनदिनाला लिलाव असतो. उपासना झाली की ज्याने त्याने घरून आणलेलं टेबलावर मांडायचं: भोपळा, अंडी, केक, पिशवीभर ज्वारी, कुणी विणलेला रुमाल. मी बोली पुकारायची. यातली गंमत अशी की बोली जिंकणारा वस्तू घरी नेतच नाही. पैसे देतो, ‘परत’ म्हणतो आणि वस्तू पुन्हा टेबलावर ठेवतो. की बोली पुन्हा सुरू. एकदा एक लिंबू नऊ वेळा विकलं गेलं होतं. शेवटी वस्तू ज्याची असेल त्याच्याच घरी जाते. हे कुठं लिहिलेलं नाही. आमच्यातल्या लहान लेकरालाही ते ठाऊक असतं, त्यामुळे कुणाला समजावून सांगायची वेळच कधी आली नव्हती.

या पैशावर चर्चच्या मागच्या हॉलमधलं केंद्र चालायचं. वयाने वाढलेली पण बुद्धीने मागं राहिलेली अकरा मुलं तिथं दिवसभर असत. दोन शिकवणाऱ्या बाया, आणायला-सोडायला एक रिक्षा. अकरातली चारच आमच्या चर्चची, बाकी साऱ्या जातीधर्माची. गल्लीतले लोक त्याला येड्याची शाळा म्हणत. म्हणणाऱ्यांच्या घरी तसं लेकरू नव्हतं, एवढंच त्यांचं शहाणपण.

पंचफुलाची राजेश्री त्या अकरातली एक. पंचफुला मूळची राणीसावरगावची, लग्न होऊन परभणीला आली. राजेश्री तीन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा नवरा पुण्याला कामाला म्हणून गेला तो गेलाच. मुलींच्या एका वसतिगृहात पंचफुला पोळ्या लाटते. सकाळी सातला जायचं, दुपारी तीनला यायचं. केंद्र नव्हतं तेव्हा ती पोरीला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावायची. एकदा आत स्टोव्ह उलटला आणि पोरीचा पाय पोटरीपर्यंत भाजला. ओरडणं सगळ्या गल्लीने ऐकलं, पण किल्ली तिकडं वसतिगृहात, पंचफुलाच्या कमरेला. शेवटी लोकांनी दार फोडलं. राजेश्री आता एकोणीस वर्षांची आहे आणि अजून लंगडते.

ही बाई कुणाच्या दारात वाटीभर साखर मागायला गेलेली मी पाहिली नाही. कोरोनात चर्चने वाटलेलं किराणा सामान तिने मुकाट्याने घेतलं, आणि पुढचे चार रविवार सगळ्यांच्या आधी येऊन चर्च झाडलं. मला तिच्या या ताठपणाचा रागच यायचा.

यंदा चर्चला पंचाहत्तर वर्षं झाली. त्याच वर्षी केंद्राला मदत करणाऱ्या बाहेरच्या एका ट्रस्टने हात वर केले. वर्षाला तीन लाख लागत. कमिटीने ठरवलं की वर्धापनदिनाला तेवढे जमले तर केंद्र चालवायचं, नाहीतर महिनाअखेरीला बंद. पालकांना निरोप गेला, प्रत्येकाने लिलावाला काहीतरी आणा.

पंचफुला माझ्याकडे आली. घरात काहीच नाही, काय आणू, असं तिने विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की भोपळ्याबिपळ्याला काही अर्थ नाही, जितं जनावर आण. जनावर ओरडतं, लोक हसतात, हसले की खिशात हात जातो. एका कोंबड्याने मागे अकरा फेऱ्या केल्या होत्या आणि संध्याकाळी तो मालकाच्या घरी दाणे टिपत होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवून गेली.

वर्धापनदिनाच्या रविवारी ती बकरी घेऊन आली. काळीभोर, कानांवर पांढरे ठिपके, गळ्यात झेंडूची माळ. मला आनंद झाला. बकरी कुणाची, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

पाहुणे म्हणून सोनपेठचे दत्तराव आले होते. रस्त्यांची कामं घेणारा मोठा कंत्राटदार, आमच्या धर्माचा नाही, पण आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या ओळखीचा. माणूस दिलदार, आणि आपण दिलदार आहोत हे चारचौघांना दिसावं अशी हौसही भरपूर. पाळकसाहेबांनी भाषणात केंद्राची अडचण सांगितली, तीन लाखांचा आकडाही सांगितला. मग मी बकरी पुढे घेतली. पाचशे, सातशे, हजार असं चाललं होतं. तेवढ्यात दत्तराव खुर्चीतून उठले आणि शांतपणे म्हणाले, "तीन लाख."

सारं चर्च उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. शिकवणाऱ्या बाया रडल्या. मी तीनदा पुकारलं आणि टेबलावर हात आपटला. त्या वेळी मी त्यांना आमची रीत सांगायला हवी होती. दोन वाक्यांचं काम होतं, आणि माइक माझ्याच हातात होता. पण त्या आकड्याने माझं डोकं जागेवर राहिलं नाही. दत्तरावांनी बकरीबरोबर फोटो काढले, उद्या चेक पाठवतो म्हणाले, आणि त्यांच्या ड्रायव्हरने बकरी उचलून जीपमध्ये घातली. पाळकसाहेब माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. तीन लाख देणाऱ्याला एक बकरी परत ठेवा म्हणून कोण सांगणार? आता काम झालंच म्हणून मंडळींनीही पाकिटं खिशात घातली. उरलेल्या वस्तू एकेका फेरीत, मिळेल त्या भावात गेल्या.

जेवणाच्या पंगतीत पंचफुला दिसली नाही. ती फाटकाशी उभी होती, जीप गेली त्या रस्त्याकडे तोंड करून. मी हसत हसत गेलो आणि म्हणालो की तुझ्या बकरीने केंद्र वाचवलं.

"काका, बकरी माजी न्हाई," ती म्हणाली. "गीताबाईची हाय."

गीताबाई तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. गीताबाईची सून बाळंतपणात गेली. चार महिन्यांची नात आजीच्या पदरात. डब्याचं दूध तिला पचेना, म्हशीचं तर उलटूनच पडायचं. या एका बकरीच्या दुधावर ते लेकरू तगलं होतं. आयुष्यात कुणाकडे काही न मागितलेल्या पंचफुलाने पहिल्यांदा मागितली ती ही बकरी. लिलावाचं नाव तिने काढलं नव्हतं. चर्चमध्ये सण आहे, सजवून नेते आणि संध्याकाळच्या धारेला आणून बांधते, एवढंच सांगितलं होतं. आमच्याकडची वस्तू परत येतेच, यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

मी तिला गप्प राहायला सांगितलं. हे आता सांगून काय उपयोग? आठवडी बाजारातून गीताबाईला एक सोडून दोन बकऱ्या घेऊन देऊ, चेक येईपर्यंत तोंड उघडू नकोस, असं मी म्हणालो. बाजार चार दिवसांवर होता. माझ्या घरी लहान लेकरू नव्हतं, मला चार दिवस म्हणजे काहीच वाटले नाहीत.

पंचफुलाने गीताबाईला खरं ते सांगितलं. गीताबाईने तिला शिवी दिली नाही, नुसतं दार लावून घेतलं. ते लेकरू भिंतीपलीकडे रडत राहिलं. कुणाचं तरी दूध आणून पाजलं, ते उलटलं. उजाडायच्या आत पंचफुलाने राजेश्रीला माझ्या दारात आणून सोडलं. कुठं चालली ते सांगितलं नाही आणि पहिल्या गाडीने सोनपेठला गेली.

तिथं काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं. दत्तरावांनी तिला ओसरीवर बसवलं, चहा दिला. तिने बकरी कुणाची, लेकरू कुणाचं, सगळं सांगितलं. वस्तू परत ठेवायची आमची रीतही सांगितली. खोटं तिला एकदाच बोलायला जमलं होतं. दत्तराव स्वतः गोठ्यात गेले, बकरी सोडून तिच्या हातात दोरी दिली, आणि परभणीला निघालेल्या भाजीच्या टेम्पोत तिला बसवून दिलं.

दुपारच्या आत बकरी गीताबाईच्या दारात होती. दुपारनंतर पाळकसाहेबांना फोन आला. चारशे माणसांत मला एकट्यालाच ठाऊक नव्हतं आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात, असं दत्तराव म्हणाले. चेक आला नाही. आम्ही दोघे माफी मागायला सोनपेठला गेलो, तर साहेब घरी नाहीत म्हणून सांगितलं. जीप अंगणातच उभी होती.

मग कमिटीची बैठक झाली. तिथं पंचफुलाला उभं केलं. दुसऱ्याचं जनावर आणलंसच का, चार दिवस कळ काढता आली नाही का, अकरा लेकरांचं वाटोळं केलंस, असं ज्याच्या तोंडाला येईल ते जो तो बोलला. ती खाली मान घालून ऐकत होती. शेवटी एकदाच बोलली.

"बकरी माजी असती तर गेली म्हनले असते. त्या लेकराच्या तोंडचं दूध काढून माज्या लेकराची शाळा कशी चालवू? तुमीच सांगा."

जनावर आणायला मी सांगितलं होतं. रीत सांगायचं काम माझं होतं. गप्प राहा म्हणणाराही मीच. ही तिन्ही वाक्यं माझ्या जिभेवर होती, आणि मी समोरच्या रजिस्टरची पानं सारखी करत बसलो. माझ्या भित्रेपणाची मला शिसारी येते, आजही येते. पुढच्या रविवारी पुन्हा दान गोळा केलं. जमलं ते शिकवणाऱ्या बायांच्या थकलेल्या पगारात गेलं. महिनाअखेरीला केंद्र बंद झालं. बाकीच्या दहा घरांत काय चाललंय ते विचारायला आमच्यातलं कुणी गेलं नाही.

मी पंचफुलाकडे गेलो, तेही बरेच दिवस टाळून. मुद्दाम ती घरी नसेल अशी वेळ धरली, सकाळी अकराची. दाराला बाहेरून कुलूप होतं. गीताबाईच्या ओट्यावर बकरी बांधलेली होती. मी पायरीवर बसलो तर आत पावलं वाजली, एक पाय घासत चालणारी. राजेश्रीने दाराच्या फटीला तोंड लावलं आणि कोण आहे म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं.

"काका, रिक्षा कवा येणार?"

खरं सांगायची हिंमत मला तेव्हाही झाली नाही. सोमवारी येईल, असं मी म्हणालो.

आत ती एकेक वार पुटपुटत मोजू लागली. वारांची नावं ती केंद्रातच शिकली होती, दोन वर्षं लागली होती तिला त्यासाठी.

"आज सोमवार हाय, काका," ती म्हणाली.