सासऱ्यांवर तीन देशांची पाळत

अमेरिका, रशिया आणि चीन या तिन्ही देशांना जगात एकाच माणसाची धास्ती आहे आणि तो माणूस म्हणजे नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी, माझे सासरे. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणतात. आमच्या मिरचीपासून ठसक्याचं गुप्त अस्त्र बनवायचा या तिघांचा बेत असून त्यासाठी आभाळातून त्यांच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मैदानावर, नजर ठेवली जाते, असं त्यांचं ठाम मत आहे. गावाबाहेरच्या त्या मैदानावर मिरची वाळत घातली की लालभडक गालिचा पसरतो, तो वरून दिसत असणार हे मलाही मान्य आहे. पण मिरचीला लागणारा अवकाळी पाऊससुद्धा त्यांच्या लेखी साधा नसतो. "जवाईबापू, हाऊ पाऊस देवना नही शे, विमानमाईन सोडेल शे," असं सांगून ते कडक उन्हात ताडपत्र्या पसरायला लावतात. बाजार हसतो. एकदा मात्र खरोखरच पाऊस आला, सगळ्यांची मिरची भिजली, यांची तेवढी कोरडी राहिली. तेव्हापासून त्यांना समजावण्याची सोय उरली नाही. लहरी अडवण्यासाठी मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवतात, त्यामुळे त्यांना फोन लागत नाही. मग बायको तिच्या आईला फोन करते, आणि सासूबाई म्हणतात, "इतला वरीसपाईन त्या तिन्ही देश यासले दखी ऱ्हायनात, एक कागद बी नही धाडा."

हे सगळं गमतीचंच होतं, पण होळीनंतर ते पथारीवर चक्कर येऊन पडले. सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे ठोके मधेच थांबतात, छातीत पेसमेकर बसवावा लागेल, उशीर नको. सासऱ्यांनी यंत्र कुठल्या देशाचं ते विचारलं आणि चपला घालून बाहेर आले. "तठे कोणी बटन दाबं का अठे मी खलास." पंधरा दिवस सगळ्यांनी विनवण्या केल्या. ते ढिम्म हलले नाहीत. घरात कोणी हसेना.

शेवटी माझी बायको माहेरी गेली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीनं माहेरी यायचं, आणि तिला न्यायला माहेरचं माणूस मुऱ्हाळी म्हणून यायचं. लग्नापासून दरवर्षी सासरे स्वतः आमच्या घरी विसरवाडीला येतात, कोणा पुतण्याला धाडलेलं नाही. ती म्हणाली, "आप्पा, यंदा मी आखाजीले नही येवाव."

"का वं? मी येसू ना लेवाले."

"दोन पायऱ्या चढतस अन् बसी जातस. कशा येशात?"

सासरे म्हणाले, चला, पण दवाखान्याच्या फॉर्मवर धंदा मिरचीचा लिहायचा नाही, किराणा लिहायचा. आम्ही किराणा लिहिला. ऑपरेशन तासाभरात नीट पार पडलं. डॉक्टर बाहेर येऊन तसं म्हणाले तेव्हा मी तिथल्या अनोळखी माणसाचा हात धरून दाबला, इतकं हायसं वाटलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दारावर थाप पडली. दोन मजले चढून सासरे उभे, धाप नाही की घाम नाही. बायको आत पिशवी भरत होती. मी चेष्टेनं विचारलं, "काय आप्पा, बटण दाबलं नाही वाटतं कोणी?"

ते हसले नाहीत. आतल्या खोलीकडे एकदा पाहून हळूच म्हणाले, "जवाईबापू, मी मशीनले नही भ्यायनू. मन्हा बाप बी असाच चालता चालता पडना. परत उठना नही, मी बाजूलेच व्हतू. मशीन बसाडं म्हंजे मालेबी तेच शे हाई मानी लेनं पडतं."

इतकी वर्षं त्यांच्या गोष्टींना हसताना त्यामागे हे असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. बायको बाहेर आली, त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं जिना उतरले. मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. स्टँडपर्यंतचा रस्ता चढाचा आहे. ती सारखी त्यांना हळू चला म्हणत होती, आणि ते तिच्या चार पावलं पुढे चालत होते.