बकरी विकून घेतलेली पटाशी

किसनभाऊंच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस सापडत नसे. लाकूड तासायच्या पटाशीला धार लावली की ती हातावरून फिरवून पाहायची, ही त्यांची सवय. आणि धार दिवसातून तीनदा, काम असो वा नसो. बहुतेक दिवशी नसेच.

घाटंजीजवळच्या त्या गावात मी शाळामास्तर होतो. किसनभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली सुतारकाम शिकलेले. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली आणि घरापुढे सुतारकामाचा धंदा मांडला. गावाच्या मते सुतार म्हणजे सुताराच्या पोटी जन्मलेला. त्यामुळे त्यांच्या वाट्याला वस्तीतल्या खाटा-बाजा आणि माझ्या शाळेचे मोडके बाक, एवढंच येई. अशा भरभराटीत या गृहस्थांनी बकरी विकली आणि यवतमाळहून एक विलायती पटाशी आणली. तेवढ्या पैशांत गावठी पटाश्या टोपलीभर आल्या असत्या.

"बकरी दूध तं देत होती," त्यांच्या बायको सोनाबाई मला ऐकवत. "हे काय देते? छिलके."

किसनभाऊंचं उत्तर ठरलेलं. "गुर्जी, लोहाराची पटाशी वाईट नाही. पन सागाची गाठ आली का तिचं तोंड वाकते."

दोन वर्षांनी दसऱ्याच्या सकाळी म्हातारे पाटील आपल्याच देवघरात अडकले. पावसाने फुगलेलं दार त्यांनी आतून दणकून लोटलं, ते चौकटीत रुतूनच बसलं. गावच्या सुताराची हत्यारं हळदकुंकू लावून पूजेत मांडलेली. ती त्या दिवशी उचलत नाहीत. "उद्या येतो," म्हणून त्याने हात जोडले. पाटलांना दमा. आतून खोकला आणि शिव्या आळीपाळीने येत होत्या. देवघराचं दार दसऱ्याला फोडायला कोणी धजेना. शेवटी पाटलांचा मुलगा माझ्या कानाशी लागला, "गुर्जी, किसनले बोलवा. त्याचे हत्यारं पूजेत नसतीन."

किसनभाऊ दीक्षेच्या दिवसाच्या कार्यक्रमाला निघाले होते, ते पांढऱ्या कपड्यांतच आले. ओसरीवर अख्खं गाव जमलेलं. दारापाशी थांबून त्यांनी अदबीने विचारलं, "पाटीलबा, मी किसन. देवघराच्या दाराले हात लावू काय?"

आत खोकल्याची एक उबळ आली. मग आवाज आला, "लाव ना बे. कायले इचारतं?"

"इचारलेलं बरं. मांगून भानगड नोको."

जुनं सागवान होतं. फटीत पटाशी घालून ते दाराची कड तासत राहिले. मध्येच कडकन आवाज झाला आणि मला वाटलं, पटाशी गेली. पण तुटली होती ती लाकडातली गाठ. अर्ध्या तासाने दार उघडलं. पाटील घामाघूम होऊन बाहेर आले, किसनभाऊंकडे न बघता दाराच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाकीचेई दरवाजे फुगले. उद्या येजो." त्यानंतर गावाचं काम किसनभाऊंना पुरेना.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी परतताना मी हसत विचारलं होतं, हेच काम गावठी पटाशीने झालं नसतं का? त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

"झालंई असतं," ते म्हणाले. "पन तुटली असती तं? सुताराची तुटली का लोक म्हनतेत, पटाशी खराब होती. माही तुटली असती तं म्हनले असते, मानूस खराब आहे."