रिकाम्या यंत्राचा धडा

बुधवार, सात जानेवारी, सकाळचे साडेनऊ. आमची सून मृणाल संगणकापुढे हात न लावता बसली होती. आरोग्यसेविकांच्या फोनसाठी लिहिलेल्या तिच्या प्रणालीच्या चाचण्या आपोआप चालणार होत्या. त्यांत किती वीज लागते, हे तिला मोजायचे होते.

"आधी नुसतं चालू यंत्र किती खातं ते बघते, बाबा. मग ते वजा करायचं."

"म्हणजे धडा करतेस."

"धडा?"

"तेल घेताना आधी रिकामी बरणी तोलतात, तो."

"आमच्याकडे याला इतका छोटा शब्द नाही," ती हसली.

चाचण्या संपल्या, सगळ्या उत्तीर्ण; पडद्यावर हिरव्या खुणांची रांग. फोनवर तिचा सहकारी म्हणाला, "सगळं हिरवं आहे. सोड की आता सेविकांच्या फोनवर."

"हिरवं आहे, पण कालच्यापेक्षा जास्त खातंय. पाड्यावर सेविकाबाईंचा फोन दुपारीच मान टाकेल. आज देत नाही."

नुसता बसलेला माणूसही खातोच. निवृत्तीनंतर मी बहुधा त्या धड्यातच मोडतो. पण कामासाठी वेगळे किती जळाले, हे कोणी विचारत नाही. उत्तर बरोबर आले की आपण थांबतो. मृणाल थांबली नाही. गरज नसताना प्रणाली तेच पुन्हा पुन्हा तपासत होती. तो दोष काढूनच ती जेवायला उठली. असे मोजणारे माणूस घरात आहे, हे बरे वाटते.

निजण्यापूर्वी मी बंद टीव्हीचा जळत राहणारा तांबडा दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद केला.