दंडावरचा ताईत

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, उजव्या दंडावर काळ्या दोऱ्यात बांधलेला चांदीचा ताईत होता. तसलाच त्यांच्या चुलतभावाच्या दंडावर. दोघांनी तरुणपणी एकाच दिवशी बांधलेले. चुलते पुढं फौजेत गेले, आबा तालमीचे वस्ताद झाले. आबांच्या दंडात दोरा इतका रुतलेला असे, की त्याच्या खालची पांढरी रेघ फक्त मला, त्यांची पाठ चोळताना, दिसायची.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. मी तेव्हा साताऱ्याला शाळेत शिकवत होतो. आमचं गाव कोरेगावच्या पुढं. पेन्शनीत निघालेले चुलते सोबत आले आणि आम्ही सांगलीला गेलो. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी प्रोस्टेटचा कॅन्सर सांगितला.

"पुरुषाच्या अंगात जे हार्मोन तयार होतं, त्यावर हा रोग पोसतो," ते म्हणाले. "ते थांबवायचं तर दोन्ही वृषणं काढायची. पण वस्ताद, तुमचं मांसही त्याच हार्मोनवर पोसलंय. ते उतरणार."

आबांनी एवढंच विचारलं, "आन् पाय ऱ्हातील का?"

चुलते तेवढ्यात औषधं आणायला खाली गेले होते. डॉक्टर म्हणाले, "आता स्नायू टिकतील ते कामावर. झेपतील तेवढ्या उठाबशा, रोज. डाळ, अंडी, दूध. एक दिवस चुकवू नका."

ऑपरेशन झालं. परतताना कराडच्या स्टँडवर चहा घेताना आबांनी भावाकडून शब्द घेतला, की गावात हे बोलायचं नाही.

"दादा, मिठाची गुळणी धरली बघा," चुलते म्हणाले.

सहा महिन्यांत ताईत कोपराशी आला. एका सकाळी तालमीत आबा एका पैलवानाला पकड दाखवत होते, मी दारात उभा होतो. कट्ट्यावरून चुलते ओरडले, "दादा, ताईत आता मनगटात घाला! खोंड खच्ची केल्यावर वशिंड उतरतंयच की!"

हशा झाला. कुणीतरी विचारलं, "म्हंजी वं?"

"आरं, सांगलीला जाऊन आल्यात न्हवं!" आणि त्यांनी सगळं सांगितलं, डॉक्टरांची नक्कल करून.

आबांनी टॉवेल उचलला आणि ते घरी आले. पुन्हा तालमीची पायरी चढले नाहीत. त्या सकाळी मी तोंड उघडलं नाही, हेही लिहायला हवं.

मग आबा गोठ्याचं दार लावून, म्हशीसमोर, उठाबशा काढू लागले. मी सुट्टीला आलो की म्हणत, "दोरा आवळ." मी आवळायचो. पुढं पुढं तो आवळावा लागेनासा झाला. "थांबलं बघ," ते म्हणाले, आणि सवयीनं तालमीकडं बघितलं. ज्यांना दाखवायचं ती माणसं तिथं होती.

शेवटी रोग हाडांत उतरला. तरी जाण्याआधी आठवडाभरापर्यंत ते विहिरीवर आपल्या पायांनी जाऊन येत. रोगावर माझा राग नाही. रोगानं कराडला शब्द दिला नव्हता.

काही वर्षांनी चुलते साताऱ्याला माझ्या खोलीवर आले. हातात खाकी पाकीट. "मास्तर, वाच रं. दवाखान्यातलं कुणी धड बोलत न्हाई."

तोच रोग, तेच ऑपरेशन, आठ दिवसांपूर्वी झालेलं. मी सगळं वाचून मराठीत सांगितलं, सावकाश, वर्गात सांगतो तसं. आधी मांड्या जातील, मग दंड. जिना चढताना कठडा धरावा लागेल. त्यांचा चेहरा बघत मी दोनदा सांगितलं.

"गावात बोलू नको गड्या," ते म्हणाले.

"नाही बोलणार." तो शब्द मी आजवर पाळला आहे. शब्द कसा पाळतात, हे त्यांना दिसायला हवं होतं.

मग त्यांनी विचारलं, "दादा शेवटापतूर चालत व्हता. काय करत व्हता त्यो? सांग की."

गोठ्याचं बंद दार माझ्या डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, "काही नाही, काका. नशीब."

पुढच्या वर्षीच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडाजवळ ते खुर्चीवर बसले होते. ताईत कोपराशी घसरत होता आणि कुणी बघायच्या आत ते दुसऱ्या हातानं तो वर सारत होते. मी बराच वेळ बघत राहिलो. मग जवळ गेलो.

"काका, दोरा आवळून देऊ?"

त्यांनी हात पुढं केला. दंड माझ्या मुठीत मावला. हळूच म्हणाले, "खरंच काय करत न्हवता व्हय रं दादा?"

अजूनही उशीर झाला नव्हता. उठाबशा कुठल्याही दिवशी सुरू करता येतात. पश्चात्ताप होतो का, याची मी त्या वर्षभर वाट पाहिली होती. झाला नव्हता.

"खरंच काही नाही," मी म्हणालो आणि दोन गाठी मारल्या, आबांना मारायचो तशाच घट्ट.