सहावी बुडेना

माझ्या नवऱ्याच्या नऊ बायका होत्या आणि दहावी मी. ज्या वर्षी आमचं लग्न झालं, त्याच वर्षी थायलंडमधल्या आमच्या सत्ताहिपच्या नौदलाच्या धक्क्याला एकाच नकाशाबरहुकूम बांधलेल्या नऊ गस्तीनौका लागल्या आणि प्रायूनची नेमणूक सहावीच्या इंजिनखान्यात झाली. नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. पहिली, दुसरी, तिसरी, बस्स. घरात पोरगी तापाने फणफणलेली असायची आणि हा बाबा जेवताना म्हणायचा, "सहावीचा आज सूर ठीक नाही."

काम तसं साधंच. चोरटं डिझेल विकणाऱ्या होड्यांचा पाठलाग, परक्या मच्छीमारांना हुसकावणं, वादळात अडकलेल्यांना ओढून आणणं. अडतीस वर्षांत सहावीवरून एकही माणूस हरवला नाही, असं तो सांगायचा. मी विश्वास ठेवायचे, कारण थापा मारायला लागते तेवढी हुशारी त्याच्याकडे नव्हती.

मग एकेक थकत गेली. दुसरीचा तळ पातळ झाला, चौथी खडकावर आपटली ती कायमची खिळखिळी झाली. मोडीत निघालेल्या बहिणींचे पंप, झडपा, नळ्या सहावीच्या पोटात यायच्या. शिवाय आई यायची. आमच्याकडे प्रत्येक बोटीच्या पुढच्या टोकात, नाळेत, बोटीची राखण करणारी देवी, आई यानांग, राहते. तिथे कुणी पाय देत नाही. रंगीत कापडं आणि माळा बांधतात. बोट मोडीत काढायची तर आधी आईला हात जोडून उतरवायचं आणि तिची कापडं दुसऱ्या बोटीला बांधायची. हे काम दर वेळी प्रायूनच करायचा आणि दर वेळी कापडं सहावीलाच बांधायचा. शेवटी आठ बहिणींच्या आया त्या एकीच्या नाळेवर येऊन बसल्या.

प्रायून निवृत्त झाला. तीन वर्षांनी सहावीचाही नंबर लागला. जवळच्या एका बेटापाशी बुडवायची, माशांना घर होईल, असा हुकूम आला. तिचा तरुण कप्तान, लेफ्टनंट क्रित, नौदलाच्या फाटकाबाहेर माझ्या भाताच्या गाडीशी आला.

"मावशी, काकांना पाठवा. आईला त्यांनीच उतरवायला हवं. आमच्यातलं कुणी हात लावायला तयार नाही."

"एवढे शिकलेले तुम्ही, आणि चार चिंध्यांना भिता?"

"मग तुम्ही लावता हात?"

मी गुपचूप कालवण ढवळायला लागले.

त्या सकाळी जुन्या खलाशांना आणि बायकांना दुसऱ्या बोटीतून नेलं. मी जन्मात पहिल्यांदा समुद्रावर गेले आणि धक्का सुटल्यापासून ओकत होते. प्रायूनने पांढरा गणवेश चढवला होता, पोटावरची दोन बटणं उघडीच. सहावीवर जाऊन त्याने उदबत्त्या लावल्या, गुडघे टेकले, ओठ हलवले. मग सगळी कापडं सोडून पिशवीत भरली आणि आमच्या बोटीत आला. पाणी आत शिरावं म्हणून पाणबुड्यांनी सहावीच्या झडपा उघडल्या.

अर्धा तास गेला. सहावीने मागची बाजू पाण्यात जराशी टेकवली आणि बसून राहिली. तास झाला. पाणी आत चाललंय, असं पाणबुडे शपथेवर सांगत होते.

"बघ, रुसली तुझी," मी म्हटलं.

तो हसला नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "लमाई, घोटाळा झाला. मी नेहमीचंच बोललो."

"नेहमीचं काय?"

"रोज सकाळी म्हणायचो तेच. आई, आम्हाला तरंगत ठेव."

मला हसू फुटणार होतं, पण त्याचे डोळे भरले होते.

"मग जा, नीट सांगून ये."

"नाही गं. तिला जा म्हणायला जीभच वळत नाही."

"अडतीस वर्षं मला टाकून सहावीकडे पळत होतास ना? आता तिला अशी अर्ध्या पाण्यात ताटकळत ठेवणार? ऊठ!"

क्रितने त्याला रबरी होडीतून नेलं. "काका, वर चढायचं नाही हं. बाजूनेच बोला." प्रायूनने नाळेवर तळवा ठेवला. या वेळी तो इतक्या मोठ्याने बोलला की आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

"आई, पोरं सगळी घरी पोचली. आत कुणी राहिलं नाही. तू उतर आता."

होडी मागे आली आणि थोड्याच वेळात सहावी गेली. आत हवा अडकली होती, असं क्रित नंतर म्हणाला. म्हणेना का. शेवटचा बुडबुडा विरेपर्यंत प्रायून सलाम ठोकून उभा होता, आणि मी पहिल्यांदाच त्या बाईसाठी रडले.

परतताना पिशवी त्याच्या मांडीवर होती. "नऊतली एकही उरली नाही. नव्या बोटींना त्यांच्या आया आहेत. हिला कुठे नेऊ?"

"माझ्या गाडीला पुढची दांडी आहे की," मी म्हटलं. "बांध तिथे. पण सांगून ठेव, आमच्याकडे पाचला उठावं लागतं."

आता रोज पहाटे तो गाडीपुढे उभा राहतो, हात जोडतो आणि नेहमीचंच म्हणतो. त्याचं संपेपर्यंत मी गाडी ढकलत नाही.