शेऱ्याला टेम्प्लेट नव्हतं

दोन हजार सालानंतर नाशकात परदेशी पाठ्यपुस्तकं संगणकावर चढवून देणारी ऑफिसं निघाली. गंगापूर रोडवरच्या अशाच एका ऑफिसात मी मजकूर तपासायचे. पुस्तकाचा प्रत्येक भाग टॅगमध्ये, म्हणजे त्याचं नाव सांगणाऱ्या खुणांमध्ये, घालायचा: शीर्षक, परिच्छेद, तक्ता. मग ऑफिस चालवणाऱ्या सरांनी लिहिलेली एक्सएसएलटी स्टाइलशीट, म्हणजे पान कसं मांडायचं याच्या नियमांची फाइल, त्यावरून फिरे. प्रत्येक भागाला जुळणारं टेम्प्लेट, म्हणजे त्या भागाचा नियम, तिच्यात शोधलं जाई आणि त्यात सांगितलं असेल तसं पान तयार होई. दोन टेम्प्लेटं जुळली, तर जास्त नेमकं असेल ते चाले. साध्या परिच्छेदापेक्षा तक्त्यातल्या परिच्छेदाचं वरचढ.

शंका आली की आम्ही 'शेरा' असा टॅग घालून एकमेकींसाठी लिहायचो. पद्धत सरांचीच. फाइल पाठवण्याआधी शेरे काढून टाकत. एकदा घाईत ते राहिलं. सर म्हणाले, "राहू दे, शेऱ्याला टेम्प्लेटच नाही. छापणार कोण?"

नर्सिंगच्या पुस्तकात औषधाच्या मात्रेखाली रोमन लिपीत छापून गेलं: 'हा डोस जास्त वाटतो, बघा गं.'

शेरा घोटीहून एसटीने येणाऱ्या टायपिस्ट मुलीचा होता. त्याच महिन्यात ती कायम होणार होती.

"तू टॅगबाहेर टाइप केलंस," सर म्हणाले.

"नाय सर, आतच हाय."

"मग काय भुताने छापलं?"

मी फाइल उघडली. टॅग बरोबर होता. मग एक्सएसएलटीची पुस्तिका काढून वाचली. टेम्प्लेट जुळलं नाही, तर तो भाग गाळला जात नाही. मूळचा नियम लागू होतो: आत शिरायचं आणि मजकूर सापडेल तो तसाच बाहेर टाकायचा. गाळायचं असेल, तर त्या नावाचं रिकामं टेम्प्लेट लिहावं लागतं. मी ते सरांसमोर लिहून चालवून दाखवलं. शेरा गेला.

"बरं, राहू दे ती ओळ," सर म्हणाले. "पण टायपिस्टची चूक म्हणून मी प्रकाशकाला मेल केलाय. तिला काढतोय असंही कळवलंय."

"दुसरा मेल करा."

"आणि काय लिहू? माझी चूक?"

संध्याकाळी जिन्यात तिने विचारलं, "ताई, माझं नव्हतं ना चुकलं?"

"नाही."

"सरांना कळलं?"

"कळलं."

"मग उद्या येऊ?"

"नको," मी म्हणाले. तिने ओढणी नीट केली आणि बस गाठायला निघाली.